विहिरीवरच्या कॅमेऱ्याचं कार्ड

माझा हात लवकर उठतो. सहावीत असताना मी वर्गातल्या एका मुलाचं कपाळ कंपासपेटीनं फोडलं होतं. पुण्यात नोकरीला होते तेव्हा एक कीबोर्ड टेबलाच्या कडेवर आपटून मोडला. दोन्ही वेळा आधी मला बरं वाटलं आणि मग लाज वाटली. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून कुणी मला बिचारी म्हणू नये.

नालवाडीच्या घरी मागच्या खोलीत बसून मी एका कंपनीचं काम करते. कॅमेऱ्याच्या पोटात एक छोटी ऑपरेटिंग सिस्टिम असते, तिच्यात कार्डावरच्या फाइली सांभाळणारा फाइल सिस्टिमचा ड्रायव्हर असतो, आणि त्या ड्रायव्हरमधला डिरेक्टरीचा भाग माझ्याकडे आहे. फोल्डर करणं, त्यात शोधणं, नाव बदलणं, एका फोल्डरातून दुसऱ्यात हलवणं, पुसणं. ऐकायला पोरखेळ वाटतो. डिरेक्टरी म्हणजे शेवटी एक यादी: हे नाव, आणि या नावाचा मजकूर कार्डावर अमुक जागी सुरू होतो. पण ती यादी लिहिता लिहिता वीज गेली तर काय, या एका प्रश्नानं माझी दोन वर्षं खाल्ली.

सगळ्यात वाईट काम हलवण्याचं. आधी नव्या जागी नाव लिहायचं आणि मग जुनं खोडायचं, की आधी खोडायचं आणि मग लिहायचं? पहिल्या रीतीत मधेच वीज गेली तर एकाच मजकुराला दोन नावं राहतात. दुसऱ्या रीतीत एकही उरत नाही. शहाणा माणूस पहिली रीत घेतो. मी दुसरी घेतली होती, कारण दोन नावं राहिली की तपासणीचा प्रोग्राम ढीगभर तक्रारी करायचा आणि माझं डोकं उठायचं. पुण्याचे आमचे साहेब कोड तपासताना दोनदा म्हणाले, क्रम उलटा आहे. तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा मी फोनवर इतकं तोडून बोलले की त्यांनी विषयच सोडून दिला. आपण जिंकलो असं मला वाटलं.

वीज जाण्याची परीक्षा घ्यायला ऑफिसात एक यंत्र आहे, ते ठराविक वेळानं वीज तोडतं. आमच्या शेताच्या लाइनीला असली शिस्त नाही, म्हणून ती त्या यंत्रापेक्षा बरी. मी कंपनीचा एक कॅमेरा विहिरीवर, मोटारीच्या पेटीजवळच्या खांबाला लावला, तोही मुद्दाम बॅटरीशिवाय. माझा थोरला भाऊ, दादा, खूप हसला. म्हणाला, "तुह्या कंपनीले लाइन गेली पायजे अन् मले आली पायजे. लाइनमननं कोनाचं आयकाव?"

ती विहीर आमची आणि चुलतभावाची सामाईक. वडिलांच्या पिढीत जमीन वाटली गेली, विहीर वाटता येईना. मग पाण्याची पाळी ठरली, आणि ती तासांवर नाही, लाइनीवर. आज लाइन आली तेव्हा पाणी तुमच्या वाफ्यात गेलं, तर लाइन जाईपर्यंत ते तुमचं. पुन्हा आली की दुसऱ्याचं. कुणाच्या नशिबी सहा तास येत, कुणाच्या अर्धा. तीस वर्षं हे चाललं आणि कुणाला त्यात खोट दिसली नाही. शहाण्या म्हणवणाऱ्या मलासुद्धा नाही.

त्या दिवशी सकाळी पाळी आमची होती. दादा वांग्याला पाणी देत होता, पुढे मेथी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, बाकी होती, दुसऱ्या दिवशी माल सिंदी रेल्वे या गावच्या बाजाराला जायचा होता. अकराच्या सुमारास लाइन गेली आणि दोन मिनिटांत परत आली. मी कार्ड बदलायला म्हणून तेव्हाच बांधावरून येत होते. पाहते तर चुलतभाऊ पाइप ओढून आपल्या कोबीकडे वळवत होता.

"लाइन गेली नाई, झटका बसला फक्त," दादा म्हणाला.

"गेली म्हंजे गेली. पाळी मायी."

"दोन मिनटाले जाणं म्हनते काय बे?"

दादानं पाइप हिसकला. चुलतभावानं त्याला ढकललं. दोघंही पाटात पडले. चुलतभाऊ अंगानं दीडपट. त्यानं दादाच्या मानेवर गुडघा ठेवला आणि त्याचं तोंड चिखलात दाबलं. दादा पाय झाडताना मला दिसला, मग ते झाडणं कमी झालेलं दिसलं. बांधावर फावडं होतं. मी ते उचललं आणि पाठीमागून चुलतभावाच्या खांद्यावर घातलं. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. तो कुशीवर पडून तोंडावर उलटला. दादा सुटला, खोकत उठून बसला.

मी तिथे थांबायला हवं होतं. थांबले नाही. दुसरा फटका त्याच्या कानामागे बसला, कान फाटून लोंबायला लागला, रक्त पाटातल्या पाण्यात पसरलं. मग मी फावडं पुन्हा वर घेतलं. तिसरा फटका मारला एवढं आठवत होतं, कुठे बसला ते नाही. डोळ्यांपुढे नुसतं लाल होतं आणि मनात, खोटं कशाला बोलू, आनंद होता.

भान आलं तेव्हा दादानं माझ्या हातातून फावडं काढून घेतलं होतं आणि चुलतभावाला कुशीवर वळवून त्याच्या डोक्याला आपल्या खांद्यावरचा दुपट्टा बांधत होता. तेवढ्यात मोटार बंद पडली. लाइन गेली.

चुलतभाऊ जिवंत राहिला. खांद्याचं हाड मोडलं, कवटीला चीर गेली, दोन दिवस शुद्ध नव्हती. मारलं कुणी ते त्यानं पाहिलंच नव्हतं. पोलीस आले तेव्हा दादा आपणहून पुढे झाला आणि म्हणाला, मी मारलं. त्याचा उजवा हात सुजला होता, दोन बोटं वाकडी झाली होती. मारताना लागलं असेल, असं हवालदारच म्हणाला आणि लिहूनही घेतलं. जीपमध्ये बसण्याआधी दादा माझ्याजवळ आला.

"ते कार्ड पुसून टाकजो. माह्यावर केस झाली तं झाली. तुयं अजून लगन व्हाचं हाये."

 त्या वेळी मला त्याचं म्हणणं पटलं होतं, हे लिहिताना आजही तोंड कडू होतं.

दुपारी चुलतभावाची बायको आमच्या दारात आली आणि तिनं दगड मारायला सुरुवात केली. खिडकीची काच आईच्या अंगावर फुटली. "खुनी! सारे खुनी हाये या घरचे!" ती ओरडत होती आणि शेजारी कुंपणापलीकडून पाहत होते. आईनं कपाळावरचं रक्त पदरानं पुसलं आणि मला मागच्या खोलीत ढकललं. "पुस आधी ते," ती म्हणाली. "एक लेकरू आत गेलं, दुसरं नाई देत मी."

मी पुसणारच होते. विहिरीवरच्या कॅमेऱ्यातून काढून आणलेलं कार्ड लॅपटॉपला लावलं. साधं पुसणं काही कामाचं नाही हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? पुसण्याचा कोड मीच लिहिलेला. तो नावाचं पहिलं अक्षर मारतो आणि जागा मोकळी झाली असं सांगतो, मजकूर तिथेच पडून राहतो. म्हणून अकराच्या चित्रणाचा तुकडा शोधायचा, त्याच्यावर शून्यं लिहायची, असं ठरवलं. फोल्डर उघडला. सकाळचे सगळे तुकडे होते. अकराचा तुकडा नव्हता.

आधी काही कळेना. मग कळलं आणि मी मोठ्यानं हसले. कॅमेरा दर पंधरा मिनिटांनी संपलेला तुकडा दिवसाच्या फोल्डरात हलवतो. हलवताना माझ्या ड्रायव्हरनं आधी जुनं नाव खोडलं, आणि नवं लिहायच्या आत लाइन गेली. साहेब सांगत होते तेच झालं होतं. माझ्या हट्टानं माझाच पुरावा गिळला होता. मला इतकं हलकं वाटलं की मी आईला हाक मारून सांगितलं, काही नाही त्याच्यात. आई देवापाशी जाऊन बसली.

पण मजकूर कार्डावर होता. जागा भरलेली होती, नुसतं कुठल्या यादीत तिचं नाव नव्हतं. कंपनीतल्या कुणाच्याही हाती कार्ड पडलं असतं तर त्यानं तासाभरात तो बाहेर काढला असता. तेव्हा नीट मारायचं म्हणूनच मी तो शोधायला बसले. यादीत नसलेली एक एक जागा वाचत गेले, तुकडे जोडले, आणि बरोबर जोडले की नाही हे तपासायला म्हणून ते चित्र लावलं.

पहिला फटका मला आठवत होता तसाच दिसला. दुसराही. मग दिसलं, की दादा खोकत खोकत गुडघ्यांवर उठतो, माझ्याकडे हात करतो, तोंड उघडून ओरडतो, आणि मी फावडं वर घेतेच. तेव्हा तो चुलतभावाच्या अंगावर आडवा पडतो आणि त्याच्या डोक्यावर आपला उजवा हात ठेवतो. ज्यानं मिनिटभरापूर्वी त्याला चिखलात बुडवलं होतं त्याच्या डोक्यावर. तिसरा फटका त्या हातावर बसला. मी मधे थांबलेसुद्धा नाही. हात दिसत असताना मारलं.

मी चित्र बंद केलं आणि त्याच्यावर शून्यं न लिहिता जोडलेला तुकडा तसाच ठेवला.

सकाळी कार्ड आणि लॅपटॉप घेऊन ठाण्यात जायला निघाले तर आई दारात आडवी झाली. तिनं माझे केस धरले, भिंतीवर माझं डोकं आपटलं, मग स्वतःच्याच तोंडात मारून घेतलं. "काऊन करून राह्यली असं? काऊन?" मी तिचे हात सोडवले. जोर लावूनच सोडवावे लागले, तिचं मनगट चार दिवस दुखत होतं. रस्त्याला लागले तरी मागून तिचं रडणं ऐकू येत होतं.

ठाण्यात जबाब घेणाऱ्या हवालदारानं ते चित्र दोनदा पाहिलं, मग दादाला बाहेर आणलं. बोटांना पट्टी होती. त्यानं पडद्यावर स्वतःचा हात पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि डाव्या हातानं माझ्या कानाखाली अशी लगावली की मी खुर्चीसकट भिंतीवर गेले.

"पुसजो म्हनलं होतं ना तुले!"

आणि तो रडायला लागला. आयुष्यात त्यानं माझ्यावर कधी हात उचलला नव्हता. शिपायानं त्याला धरलं. मी म्हटलं, सोडा हो त्याला, बरोबर मारलं त्यानं.

हवालदार वयस्कर होता, त्यालाही मुली असाव्यात. त्यानं दादाला बाहेर बाकावर बसवलं, माझ्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला आणि आवाज खाली आणला.

"ताई, पहिला फटका भावाले वाचवाले मारला हे आंधळ्यालेही दिसते. तेवढंच लिवा. आपला जीव वाचवाले मारलं तं कायदा समजून घेते. त्याच्यापुढचं लिवाचं काय काम? चित्र तुमीच जोडून आनलं, कुठवर जोडाचं ते तुमाले ठाऊक."

मी पाणी प्यायले. गाल जळत होता. तो म्हणत होता ते सोपं होतं. चित्र पहिल्या फटक्यापाशी कापायला मला एक मिनिटही लागलं नसतं. दादा सुटला असता, मीही सुटले असते, आईनं देवापुढे कपाळ टेकलं असतं.

मी कागद पुढे ओढला आणि लिहिलं. पहिला फटका खांद्यावर मारला, तेव्हा भाऊ खाली दबला होता. दुसरा कानामागे मारला, तेव्हा भाऊ सुटला होता. तिसरा डोक्यावर मारला, तो भावाच्या हातावर बसला. मधे हात नसता तर चुलतभाऊ मेला असता, आणि त्या वेळी मला तेच हवं होतं.

हवालदारानं शेवटची ओळ बोटानं दाखवली आणि विचारलं, "हे खोडाचं काय?" मी नाही म्हटलं आणि खाली सही केली.