मीठ सावकाश चढू द्या

वहिनींचा फोन आला तेव्हा मी फैजपूरला केळीच्या बागेत घड बघत होतो. तिथून तडक धुळ्याच्या दवाखान्यात पोचलो, तर भाऊ मला ओळखेना. डोळे उघडे होते, पण नजर छताला लागलेली. मधेच तो बैलांची नावं पुटपुटायचा. चाळीस वर्षं कॉलेजात जीवशास्त्र शिकवलेला माणूस, आणि आपण कुठे आहोत हे त्याला सांगता येत नव्हतं.

आमचं बोलणं बंद होतं. त्याच्या निवृत्तीच्या समारंभात तो माईकवर म्हणाला होता, "माझ्या धाकट्याला शिक्षणात गोडी नव्हती, त्यानं बाजार निवडला." लोक हसले. मी पहिल्या रांगेतून उठून चालता झालो. बाजार मी निवडला नव्हता. आमच्या वडिलांना, आबांना, एकालाच कॉलेजात पाठवणं परवडत होतं आणि त्यांनी भाऊला विचारलं होतं. धाकटा बाजारात बरा राहील, असं तोच म्हणाला होता. मी केळीचे ट्रक भरण्यापासून सुरुवात केली. आज माझेच ट्रक दिल्लीला जातात. पण ते माईकवरचं वाक्य माझ्या घशातून खाली उतरलं नव्हतं. त्याचा जाब मी तोंडावर मागणार होतो, आणि आता जाब द्यायला तो भानावर नव्हता.

झालं होतं ते साधंच. रक्तदाबासाठी मीठ कमी करा, असं कुणी डॉक्टर म्हणाले होते. आमच्या घरच्या बायका सांगितलेलं अर्धवट करत नाहीत. वहिनींनी मीठ बंदच केलं, भाकरीतलंसुद्धा. वर रक्तदाबाची गोळी लघवीवाटे मीठ काढत होती. आणि मे महिन्याच्या उन्हात भाऊ तांब्यामागून तांब्या पाणी पीत होता. रक्तातलं मीठ पार खाली आलं होतं.

मी म्हटलं, मग यात अवघड काय आहे. कँटीनमधून ताक आणलं, त्यात मूठभर मीठ घातलं. उन्हात गळालेल्या हमालांना मी असंच उठवलं होतं. पेला भाऊच्या ओठाशी नेला, तेवढ्यात वहिनींनी त्यावर पंजा ठेवला.

"भाऊजी, एकदा मी माझ्या मनानं केलं. आता तुम्ही नका करू."

मी त्यांच्यावर खेकसलो. आवाज ऐकून डॉक्टर आल्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. मी सरळ बोलणी सुरू केली. सलाईन दुप्पट वेगानं सोडा, खर्चाचं मी बघतो, उद्यापर्यंत माणूस बोलता करा. उद्या जमत नसेल तर परवा सकाळी.

"काका, इथे घासाघीस करून चालत नाही," त्या म्हणाल्या. "मीठ सावकाशच चढू द्यावं लागतं."

मग त्यांनी उभ्याउभ्याच समजावलं. प्रत्येक पेशीभोवती पातळ पडदा असतो. पाणी त्यातून सहज ये-जा करतं. मिठाला मात्र ठरलेल्या दारांतूनच जावं लागतं, आणि कुणाला आत घ्यायचं, कुणाला बाहेर काढायचं, ते पेशी ठरवते. रक्त पातळ झालं की पाणी पेशींमध्ये शिरतं. मेंदू कवटीत बंद, त्याला फुगायला जागा नाही. म्हणून पेशींनी जगण्यासाठी आपल्या आतले क्षार बाहेर टाकले होते. आता बाहेर एकदम मीठ वाढवलं तर पाणी उलट बाहेर धावेल आणि पेशी आक्रसतील. तसं झालं तर भाऊची वाचा जाईल, हातपायही जातील, आणि ते परत येतीलच असं नाही.

मी ताकाचा पेला खाली ठेवला. कारण हे मला माहीत होतं. भाऊ कॉलेजला गेला त्या वर्षी सुट्टीत घरी येऊन त्यानं एका पेल्यात साधं पाणी घेतलं, दुसऱ्यात मिठाचं, आणि मला मनुका टाकायला सांगितल्या. साध्या पाण्यातल्या टम्म फुगल्या. त्या काढून मिठाच्या पाण्यात टाकल्या तर पुन्हा सुरकुतल्या. मी जेवण सोडून पेल्यांपुढे बसून राहिलो होतो. आणि म्हणे गोडी नव्हती.

दर काही तासांनी रक्त घेऊन जायचे. मिठाचा आकडा जरा वर सरकला की वहिनी हात जोडायच्या. एकदा तो हवा त्यापेक्षा भराभर चढला, तर डॉक्टरांनी सलाईनच थांबवली. वर चढण्याची भीती वाटावी असा भाव मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊनं माझ्याकडे मान वळवली.

"मनुका फुगल्या का?" त्यानं विचारलं.

वहिनींना वाटलं, अजून भ्रमच आहे. तो कोणत्या पेल्यांबद्दल विचारतोय, ते मला कळलं. तरी मी ते वाक्य माफी म्हणून पदरात घेतलं नाही. आबा पारोळ्याच्या बाजारात बैलांची दलाली करायचे. शुद्धीत नसलेल्या माणसाशी सौदा करायचा नाही, हा त्यांचा नियम होता.

पण त्यावरूनच मला सुचलं. त्या बाजारात भाव तोंडानं बोलत नसत. उपरण्याखाली हात घालून समोरच्याची बोटं धरायची. जितकी बोटं, तितका भाव. आम्ही दोघं पोरं असताना हेच खेळायचो. मी चादरीखाली हात घातला आणि भाऊचा अख्खा पंजा धरला. त्याचा हात तसाच पडून राहिला. मी सोडला नाही. पलीकडच्या खाटेवरचं जेवण येऊन गेलं, ताट उचललं गेलं. मग त्याची बोटं हलली. त्यानं पंजा सोडवून घेतला, चाचपडत माझी तीन बोटं धरली आणि अहिराणीत पुटपुटला, "जास्त शे." भाव जास्त आहे, तीनच देतो, असं तो म्हणत होता.

वहिनी पदर तोंडाला लावून बाहेर डॉक्टरांना सांगायला धावल्या. डॉक्टरांनी त्याला गाव विचारलं, वार विचारला. दोन्ही बरोबर आलं. ताजा आकडाही हवा तिथेच होता.

डॉक्टर गेल्यावर मी विचारलं, "मला गोडी नव्हती का, भाऊ?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. नजर आता छताला नव्हती. मग चादरीखाली त्यानं माझं एकच बोट दाबलं.

एका बोटाच्या कबुलीवर सौदा होत नाही, हे त्यालाही माहीत होतं. मी मान डोलावली नाही. पण हातही काढला नाही. हात आत आहे तोवर बोलणी मोडलेली नसतात.