भिंतीला टेकवलेली

पितळ्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे, पण खरं नाव आता फक्त मतदार यादीत उरलं होतं. पूर्वी तो एका कारखान्यात होता. पोलादाच्या दोन नळ्या जोडायच्या तर सांध्यावर पितळ वितळवून ओतायचं, म्हणजे झाळ द्यायचा, हे काम त्याच्यासारखं तिथे कुणाच्याच हाताला बसलं नव्हतं. म्हणून हे नाव पडलं. कारखाना बंद पडला, नाव मात्र चिकटून राहिलं. मग घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याने डोंगरात चालवायच्या सायकली बनवायला घेतल्या. बावीस वर्षांत एकशे त्रेचाळीस. कारखान्यात तेवढ्या एका सकाळी होत असतील, असं त्याचा सख्खा भाऊ म्हणायचा, आणि पितळ्या म्हणायचा, "मग तिथूनच घे."

या सायकली दिसायला कशा होत्या, हे एकदा सांगून टाकलेलं बरं. वाईट होत्या. प्रत्येक सांध्यावर पितळेची बोटभर जाड गाठ, तीही घासलेली नाही. आग विझल्यावर जशी गोठली तशीच वर रंग मारलेली. एखाद्या म्हाताऱ्या माणसाचे गुडघे सुजावेत तशी ती फ्रेम दिसायची. कुणीतरी तिचं नाव 'संधिवात' ठेवलं आणि ते फोटोंखाली सगळीकडे पसरलं. रविवारी डोंगरावर जमणाऱ्या सायकलवाल्यांत सरळ दोन तट पडले होते. एक तट म्हणायचा, असलं धूड घरात ठेवायचं तर वर चादर टाकावी लागेल. दुसरा तट म्हणायचा, आधी एकदा बसून उतारावरून या, मग तोंड उघडा. या दुसऱ्या तटाचे म्होरके म्हणजे दातांचे डॉक्टर. बारा वर्षं एकच सायकल, एकदाही तक्रार नाही. "दिसण्याचं मला सांगू नका," ते म्हणायचे, "मी दिवसभर लोकांची तोंडंच बघतो." भांडणं अशी जुंपायची, की बोलणी मुलंबाळं नि आईबाप यांच्यापर्यंत जायची, आणि पितळ्या शेजारी दगडावर बसून चहा पीत राहायचा.

तो कसा काय गप्प बसायचा? कारण त्याच्यासाठी एकच मत चालायचं, ते बायकोचं.

बायको तीस वर्षं टपालखात्यात होती. डोंगरापलीकडच्या वस्त्यांवर सायकलवरून पत्रं वाटायची. ऊन नाही, पाऊस नाही, चढ नाही, उतार नाही. "तिच्या बुडाला जे कळतं ते यंत्राला कळत नाही," असं पितळ्या चारचौघांत म्हणायचा आणि घरी येऊन त्याबद्दल बोलणी खायचा. पण म्हणणं खरं होतं. नवी सायकल तयार झाली की रंग द्यायच्या आधी, नुसत्या उघड्या पोलादाची अशी, ती डोंगरावर न्यायची. रंग सगळं झाकतो. चीर गेली तरी दिसत नाही, म्हणून हा नियम. ती वर जायची, दगडांतून, मुळांतून, गुडघाभर उंचीच्या त्या शेवटच्या दगडी पायरीवरून खाली यायची आणि अवाक्षर न बोलता निकाल द्यायची. शेडच्या डाव्या भिंतीला सायकल टेकवली, की पास. अंगणात जमिनीवर आडवी ठेवली, की नापास. बावीस वर्षांत तिने अकरा आडव्या ठेवल्या होत्या. अकराच्या अकरा पितळ्याने करवतीने कापल्या. का, कशी, काय झालं, एक प्रश्न विचारला नाही. त्या भिंतीवर हँडलच्या टोकांनी घासून घासून एक काळी रेघ पडली होती. पितळ्याला कुणी प्रमाणपत्र विचारलं असतं तर त्याने ती रेघ दाखवली असती.

त्याच भिंतीच्या टोकाला पहिली सायकल उभी असायची. ती त्याने विकली नव्हती. बायको त्या दिवशी डोंगरावरून आली होती, घामाघूम, कोपर खरचटलेलं, आणि तिने सायकल भिंतीला टेकवून फक्त "पाणी दे" म्हटलं होतं. त्या सायकलीला तेव्हापासून कुणी हलवलं नव्हतं.

गेल्या वर्षी भाच्याने शहराच्या चांगल्या भागात दुकान काढलं. मोठी काच, आत पांढरे दिवे, भिंतीवर चार सायकली चित्रांसारख्या टांगलेल्या. भाचा मनाने चांगला होता, हे आधी सांगतो, कारण पुढे ते विसरायला होईल.

"मामा, तुमच्या हातच्या सायकलीला आता बुटीक सायकल म्हणतात," तो म्हणाला.

"बुटीकमध्ये ब्लाउज शिवतात," पितळ्या म्हणाला.

"अहो मामा, थट्टा नको. एक बनवा माझ्या काचेसाठी. फक्त त्या गाठी घासून द्या. दोन नळ्या एकमेकींतून उगवल्यात असं वाटलं पाहिजे. तुमचं काम लोकांना बघवत नाही म्हणून कुणी बसतच नाही त्यावर. किती वर्षं तुम्ही असेच शेडमध्ये राहणार?"

पितळ्याने उडवून लावलं असतं. पण बायको दारात उभी होती, तिने ते शेवटचं वाक्य ऐकलं आणि काही बोलली नाही. तिचं ते न बोलणं त्याने मनावर घेतलं. वय अठ्ठावन्न. मनात कुठेतरी होतंच, की आपलं काम एकदा तरी कुणी नुसतं बघून 'वा' म्हणावं. हे त्याने स्वतःशीही कधी कबूल केलं नव्हतं.

तीन आठवडे तो कानस घेऊन बसला. आधी जाड कानस, मग बारीक, मग पॉलिश पेपरची पट्टी, बुटाला पॉलिश करतात तशी नळीभोवती ओढून. पिवळा भुगा मांडीवर साठायचा. गाठी वितळल्यासारख्या उतरत गेल्या आणि सांध्याला असा गोलवा आला, की त्याने एकदा डोळे मिटून त्यावरून अंगठा फिरवला आणि नळी कुठे संपते ते त्यालाच कळलं नाही. नळीची भिंत तशी कागदासारखी पातळ, एक मिलिमीटरही नाही. कानस पितळ खाते तोवर ठीक. पोलादाला लागली की संपलं. हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? शेवटच्या दिवशी पुढच्या सांध्याच्या खालच्या अंगाला, पिवळ्यामध्ये एक पांढरी रेघ चमकली. केसाएवढी. ते पोलाद होतं. पितळ्याने चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. केसाएवढीच तर आहे, असं तो स्वतःला म्हणाला. दुसऱ्या कुणाच्या कामात ती रेघ दिसली असती तर त्याने त्याला दारातून हाकलून दिलं असतं.

भाच्याला फोटोची घाई होती, म्हणून रंग आधी दिला. गडद हिरवा. डोंगरावरची फेरी मागाहून. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

बायको हिरवी सायकल घेऊन गेली त्या सकाळी अंगणात भाचा होता, डॉक्टर होते, गाठींना नावं ठेवणाऱ्या तटातले तिघेचौघे होते. सगळे फोटो बघून आले होते. "काका, काय देखणी केलीय!" "काका, ही तुम्हीच बनवलीत ना?" जो माणूस 'संधिवात' म्हणायचा तो सगळ्यात मोठ्याने हे म्हणत होता. पितळ्या हसत होता. नीट हसायची सवय नसल्याने त्याचा चेहरा जरा वेडावाकडा झाला होता. बायको डोंगरावरून उतरली, फाटकातून आत आली, तिने त्याच्याकडे बघितलं. मग सायकल ढकलत नेऊन भिंतीला टेकवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पुढच्या रविवारी भाच्याने डोंगराच्या पायथ्याशी मंडप टाकला. ज्याला घ्यायची त्याने बसून बघावं. पहिला नंबर एका शिक्षकाचा होता, नुकताच बाप झालेला, हेल्मेट घालून तयार. बायकोने त्याच्या हातातून हँडल घेतलं.

"पहिली फेरी माझी," ती म्हणाली.

"मामी, तुमची झालीये की आठवड्यापूर्वी."

"असू दे. बाजूला हो."

ती वर गेली. खाली सगळे मोबाईल सरसावून उभे होते. झाडांतून हिरवा रंग दोनदा दिसला. मग शेवटची दगडी पायरी आली, जिच्यावरून तिने बाकीच्या एकशे बेचाळीस सायकलीही उतरवल्या होत्या. पुढचं चाक खाली टेकलं आणि सुकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. पुढचा सांधा तुटून चाक मागे दुमडलं. बायको हँडलवरून पुढे दगडांवर पडली आणि उठली नाही.

कमरेचं हाड, गळ्याजवळचं हाड, आणि पाठीचा एक मणका. जीव वाचला, हे सगळ्यांनी इतक्या वेळा म्हटलं, की पितळ्याला त्या शब्दांचा वीट आला. दोन महिन्यांनी ती घरी आली तेव्हा चार पायांची काठी पुढे ढकलत चालत होती. वाकायचं नाही आणि सायकल तर विसराच, असं हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं.

त्या दोन महिन्यांत आणखी एक गोष्ट झाली. रविवारच्या दोन्ही तटांचं एकमत झालं. पहिला तट म्हणाला, आम्ही आधीपासून सांगत होतो. दुसरा तट आपल्या सायकलींच्या गाठी हाताने चाचपून बघू लागला. त्या गाठी न घासलेल्या होत्या, त्यांना कानस लागलीच नव्हती. पितळ्याने हे ज्याला त्याला समजावलं, घसा कोरडा पडेपर्यंत समजावलं. लोक "हो काका, बरोबर आहे काका" म्हणायचे आणि दुसरी सायकल बघायला जायचे. एकदा दाढ दुखली म्हणून तो दातांच्या डॉक्टरांकडे गेला. बाहेरच्या खोलीत, खुर्च्यांच्या वर, त्यांची बारा वर्षांची सायकल खिळ्यांवर टांगलेली होती. धुऊन पुसून स्वच्छ.

डॉक्टर ओशाळले. "म्हटलं, पेशंटना बघायला बरं. खरं सांगू का, नीट बघितलं तर दिसायला छानच आहे हो."

पितळ्या दाढ न दाखवताच परत आला.

त्या दुपारी बायको खिडकीशी बसली होती. त्याने तिला डॉक्टरांची गोष्ट सांगितली आणि पांढऱ्या रेघेचीही सांगितली, जी तो दोन महिने गिळून बसला होता. "मला दिसली होती ती. दिसूनही मी रंग दिला. तुला मीच पाडलं."



"मलाही कळलं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"पहिल्याच फेरीला. पुढून टिक् वाजलं, आणि हँडल वळवलं की चाक जरासं उशिरा यायचं. आडवीच ठेवायची ती."

"मग टेकवलीस का?"

"तुझं तोंड बघितलं. तसं हसताना मी तुला लग्नानंतर कधी बघितलं नव्हतं. वाटलं, राहू दे काचेत, कोण चालवतंय. मग तो मास्तर बसायला निघाला. म्हटलं, हळू उतरवीन, खाली आले की सगळ्यांसमोर आडवी ठेवीन. नाही जमलं."

पितळ्याला रडू आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं. त्याच्या डोक्यात भलतंच चाललं होतं, आणि ते तोंडातून बाहेर पडू नये म्हणून त्याने दात आवळले, तरी ते पडलंच.

"आणि बाकीच्या?"

"बाकीच्या काय?"

"त्या पण माझं तोंड बघूनच टेकवल्यास का?"

"वेडा आहेस का? बाकीच्या खऱ्या होत्या. एकूण एक."

ती हे लगेच बोलली, त्याच्या डोळ्यांत बघून बोलली. अगदी तसंच, जसं त्या सकाळी फाटकातून येऊन तिने त्याच्याकडे बघितलं होतं. पितळ्याने तो चेहरा न्याहाळला, तीस वर्षं बघितलेला, आणि त्याला काहीच वाचता आलं नाही. ती खरं सांगत असेलही. बहुतेक खरंच सांगत होती. पण आता ते त्याला कळणार कसं? ज्या एका माणसाला विचारून खात्री करायची, ते माणूस हेच.

तो उठून शेडकडे गेला. झाळ द्यायच्या टॉर्चच्या रबरी नळ्या गॅसच्या सिलिंडरवरून काढून गुंडाळल्या, कानशी डब्यात भरल्या. मग भिंतीपाशी आला. काळ्या रेघेच्या टोकाला पहिली सायकल होती, बावीस वर्षं टेकलेली, टायरांतली हवा गेलेली. त्याने ती हँडलला धरून अंगणाच्या मधोमध आणली आणि हळूच, आवाज होऊ न देता, जमिनीवर आडवी ठेवली.

"अहो!" बायकोने खिडकीतून हाक मारली. इतक्या वर्षांत तिने त्याला 'अहो' म्हटलं नव्हतं. "उचला ती. उचला आधी."

त्याने ऐकलं, पण तो वळला नाही, शेडचं दार ओढून घेत राहिला. काठी फरशीवर आपटल्याचे आवाज आले, एक, दोन, तीन, मग दार उघडलं. ती अंगणात सायकलीपर्यंत पोहोचली. एक हात काठीवर ठेवून तिने दुसरा हात खाली नेला. हँडल वीतभर लांब राहिलं. त्याच्या खाली तिला वाकता येत नव्हतं.