दारापर्यंतची मोकळी वाट

दिवेलागणीला, घरातला पहिला दिवा लागायच्या आधी, आक्का डोळे मिटून घरभर चालायच्या. आतल्या खोलीतल्या आपल्या बाजेपासून थेट बाहेरच्या दारापर्यंत, आणि तशाच परत. चाचपडत नाही, अगदी भर उजेडात चालावं तसं. वाटेत ज्या वस्तूला त्यांचा पाय लागेल ती वस्तू अंगणात जायची. मग ती माझ्या नवऱ्याची बॅग असो, पोरीच्या क्लासच्या नोट्सचा गठ्ठा असो, नाहीतर खोक्यातून अजून न काढलेला माझा मिक्सर असो. आरडाओरडा नाही, टोमणा नाही. "पायाला लागलं ते घरचं न्हाई," एवढंच म्हणायच्या आणि वस्तू उंबऱ्याबाहेर ठेवून यायच्या.

शेवंताआक्का म्हणजे माझ्या नवऱ्याची, दत्ताची, चुलती. लग्नानंतर दत्ता मला त्यांच्या पाया पडायला घेऊन गेला, किल्लारीच्या पलीकडे, भूकंपानंतर बांधून दिलेल्या घरात. दोन खोल्या, एक बाज, चार भांडी. भिंतीला टेकून काहीच नाही. मी मुखेडची. आमच्या माहेरी श्रीखंडाचा रिकामा डबासुद्धा 'असू दे, कामाला येईल' म्हणून धुऊन ठेवतात. मला वाटलं, बाई फारच गरिबीत राहते. येताना एसटीत दत्तानं सांगितलं.

"भूकंपाच्या आदल्या दिवशी आक्कानं ज्वारीची पोती दाराच्या आत रचली. जागा न्हवती दुसरी. पहाटं ती जनावराकडं म्हणून भायेर आली, आन तेवढ्यात जमीन हालली. पोती दाराआड घसरली. तिची पोर काशी आत होती, आठ वर्षाची. आक्का भायेरून दार ढकलायली, काशी आतून हाका मारायली. दार काय उघडलं न्हाई. मग भिंत बसली."



पुढे आक्कांचे गुडघे दुखू लागले, स्वयंपाक होईना, तेव्हा दत्ता त्यांना लातूरला आमच्याकडे घेऊन आला. आमचं घर तेव्हा कसं होतं ते काय सांगू! लातुरात नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही, म्हणून न्हाणीपासून जिन्यापर्यंत ड्रम, घागरी, कळश्या. आहेरात आलेले स्टीलचे डबे, नावं कोरलेली ताटं, कधीच न शिवलेले ब्लाऊजपीस. आमच्या लेकीच्या, पल्लवीच्या, क्लासची पुस्तकं कोचावर, म्हणून पाहुणे खुर्चीवर, आणि खुर्चीवरचे कपडे पलंगावर. सकाळी कुणाला काही सापडायचं नाही आणि तिघंही एकमेकांवर ओरडायचो. आक्का दारात उभ्या राहिल्या. पाणीबिणी काही नाही, पहिलाच प्रश्न: "सुमन, हे दार कुन्या अंगाला उघडतंय?"

"आत, आक्का."

"मंग सुताराला बलीव."

आठवड्यात दार बाहेर उघडायला लागलं आणि महिन्याभरात घर ओळखू येईना. त्या काही फेकायच्या नाहीत. फक्त विचारायच्या, "हे कुनाचं हाय? त्याला बोलवा." ज्याची वस्तू त्यानं तिची जागा सांगायची. सांगता आली नाही की अंगण, आणि सकाळपर्यंत कुणी परत आणली नाही की भंगारवाला. मी पुष्कळ चिडले. माझ्या माहेरचा पितळी डबा वाचवायला मी एकदा चक्क रडले. आक्का म्हणाल्या, "रडू नगं माय. डबा ऱ्हाऊ दे, जागा सांग." पितळी डब्याला देवळीत जागा मिळाली, आणि माझ्या लक्षात आलं की बाकीच्या पन्नास डब्यांसाठी मला रडू आलं नव्हतं.

घर शांत झालं. सकाळची भांडणं थांबली. शेजारच्या मंदाताईंनी हे पाहून आक्कांना हौसेनं आपल्याकडे नेलं. त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून आक्का बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हितून लेकरू कसं निघंल?" मंदाताईंची लेकरं पुण्यात नोकरीला. त्या हसल्या. संध्याकाळी मात्र त्यांच्याकडून फ्रीज सरकवल्याचा आवाज आला.

पण ही शांतता मला कधी कधी सोसायची नाही. रिकाम्या घरात आपण एकटे असतो असं म्हणतात. आमच्या घरात तसं वाटायचं नाही. कुणीतरी नुकतंच येऊन बसलंय आणि आपण बोलायची वाट बघतंय, असं वाटायचं.

आक्कांच्या चालण्यातली एक गोष्ट मी आधीपासून पाहिली होती. दाराकडे जाताना त्यांचे दोन्ही हात सरळ असायचे. परत येताना डावा हात जरा खाली, जरा बाहेर, बोटं अर्धी मिटलेली. गुडघ्यांमुळे तोल सांभाळत असतील, असं मी धरून चालले. एकदा पल्लवी त्यांच्या वाटेत उभी राहून फोनवर बोलत होती. आक्का डोळे मिटूनच थांबल्या आणि म्हणाल्या, "सरक बाई, दोघीला जागा पुरना." पल्लवी माझ्याकडे स्वयंपाकघरात आली. तिचा चेहरा उतरलेला होता.

"आई, दोघी कोण?"

"तू आणि त्या," मी म्हणाले. मला ते पटलं नव्हतं.

मग मला दुर्बुद्धी सुचली. एका संध्याकाळी आक्का दारापर्यंत गेल्यावर मी त्यांच्या मागे, परतीच्या वाटेच्या डाव्या अंगाला, पाण्याची कळशी हळूच ठेवली. आवाज केला नाही. आक्का वळल्या, चालू लागल्या. त्यांच्या पायाला ती लागलीच नसती, त्या तिच्या उजव्या बाजूनं चालल्या होत्या. पण कळशीपाशी त्यांचा डावा हात एकदम मागे ओढला गेला. मूल चालता चालता थबकलं की आईचा हात ओढला जातो, तसा. डोळे न उघडता आक्का म्हणाल्या, "सुमन, उचल ते. ठेच लागंल." कुणाला, हे मी विचारलं नाही. कळशी उचलून न्हाणीत नेऊन ठेवली.

त्यानंतर मीच वाट झाडून ठेवायला लागले. भीतीनं म्हणा, मायेनं म्हणा. दोन्ही होतं.

पल्लवीचं लग्न ठरलं आणि त्याच सुमारास आक्कांनी अंथरूण धरलं. लेकीला द्यायची भांडी, पाण्याचा मोठा ड्रम, गाद्या, कपाट, रुखवताची खोकी, सगळं एकदम घरात आलं. दुसरीकडे ठेवायला जागा नव्हती. मी ते आक्कांच्या खोलीपासून दारापर्यंत दोन्ही बाजूंनी रचलं. मधून आडवं होऊन जावं लागे. लग्न काय रोज होतं का, असं मी दत्ताला सुनावलंही.

आक्कांना उठता येत नव्हतं, पण दिवेलागण झाली की त्या तळमळायच्या. "वाट हाय का रं?" दत्ता म्हणायचा, "हाय की आक्का, मोकळी हाय."

"मंग ती कामून येईना?"

दत्ता उठून बाहेर गेला. तो रडत होता हे मला पाठीवरून कळलं. डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हणून सांगितलं होतं. पाणी उतरेना, डोळे दाराकडे लागलेले, आणि जीव काही जाईना. बघायला आलेल्या बायका कुजबुजायच्या, "कशात तरी अडकलाय." कशात ते मला ठाऊक होतं. मीच ते रचून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पदर खोचला. पल्लवीनं न विचारता ड्रमचं दुसरं टोक धरलं. कपाट मंदाताईंच्या हॉलमध्ये, गाद्या गच्चीवर, खोकी अंगणात. ऊन कलेपर्यंत वाट मोकळी झाली. मी फरशी पुसली आणि आक्कांच्या कानाशी जाऊन म्हणाले, "आक्का, वाट मोकळी आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतके दिवस खोटं ऐकलेलं माणूस बघतं तसं. "चालून बग," त्या म्हणाल्या. "डोळं मिटून."

मी डोळे मिटले. बाजेपासून निघाले. कशालाही पाय लागला नाही. दाराशी पोचले, हातानं दार बाहेर ढकललं, तोंडावर ऊन आलं. क्षणभर उभी राहिले आणि वळले. परत येताना मी सावकाश चालत होते. इतकं सावकाश का, ते मला सांगता येत नाही. बाजेपाशी आले तेव्हा आक्कांचा आवाज आला, आजारपणाच्या आधीचा, साफ.

"आनलीस व्हय?"

मी डोळे उघडले. माझा डावा हात जरा खाली होता, जरा बाहेर, बोटं अर्धी मिटलेली. मला मनातून भीती वाटली. पण आक्का माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्या बघत होत्या माझ्या हाताच्या खाली, आणि त्यांचा चेहरा असा निवलेला मी कधी पाहिला नव्हता.

"हो आक्का," मी म्हणाले. "आणली."

इतके दिवस ज्यांना कूस बदलायलाही दोघं लागायची, त्या आक्का आपणहून बाजेच्या कडेला सरकल्या. शेजारी एका लहान अंगाला पुरेल एवढी जागा झाली. मी बोटं सोडली. दिवे लागायच्या आत त्या गेल्या.

लग्न सुतक फिटल्यावर झालं. सामान मंदाताईंकडूनच परस्पर टेम्पोत चढलं, आमच्या घरात परत आलं नाही. आता घरात आम्ही दोघंच. वस्तू पुन्हा साठायला लागल्यात, खोटं कशाला बोलू, पण त्या वाटेवर एकही नाही. दिवेलागणीला मी चालते. दाराकडे जाताना कधी कधी डोळे उघडून बघते. परत येताना उघडत नाही.