चिंचेनं घासलेलं पिस्तूल

चिंच आणि राख लावून पिस्तूल घासणारी बाई अख्ख्या मराठवाड्यात एकच झाली असेल, आणि ती मी. हे आधीच कबूल करून टाकते, कारण पुढचं सगळं त्या घासण्यामुळेच घडलं...

इथले भुताखेतांचे अनुभव मी रोज दुपारी जेवण झाल्यावर वाचते. नातीनं फोनमध्ये मराठी टाकून दिलंय. पांढऱ्या साड्या, पैंजणांचे आवाज, हायवेवर लिफ्ट मागणाऱ्या बाया... सगळं वाचते आणि मस्त झोप काढते. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. जिंतूरला माहेरी आमच्या घरामागंच स्मशान होतं. तिथली बोरं आम्ही पोरींनी ओरबाडून खाल्ली, पण एकाही भुतानं कधी वाटा मागितला नाही. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय. तरी लिहिते.

लग्न होऊन मी पेडगावला आले. घर शेतकऱ्याचं, खाऊनपिऊन सुखी. सासऱ्यांना सगळे आबा म्हणत. आबांच्या वडलांना निजामाच्या राज्यात पिकाच्या राखणीसाठी बंदुकीचं लायसन्स मिळालेलं, ते पुढं आबांच्या नावावर आलं. पण आबांनी जन्मात एक चिमणी मारली नाही. त्यांना जुनी पिस्तुलं गोळा करून दुरुस्त करायचा नाद होता. उडवायची नाहीत, बघायची. घरात तीन होती, तिन्ही लायसन्सवर रीतसर चढवलेली. गोळी मात्र एकाचीही नव्हती. त्या मापाच्या गोळ्या बनणंच केव्हाचं बंद झालं होतं.

त्यातलं एक आबांच्या जिवाचं. तळहातात मावेल एवढं, विलायती, गडद निळं. पिकलेल्या जांभळावर असते ना तशी त्याच्यावर झाक होती. नळीखालचा नंबर अगदी लहान, म्हणजे कारखान्यानं ते मॉडेल काढलं तेव्हाची पहिली खेप. हे पिस्तूल आबांना एका ओळखीच्या घरी ज्वारीच्या कणगीमागं सापडलं होतं, गंजून गोळा झालेलं. कित्येक हिवाळे त्यांनी ते तेलात भिजवलं आणि म्हशीच्या शिंगाची काडी करून गंजाचा एकेक कण उचलला. लोखंडी हत्यार लावलं नाही, का तर मूळचा रंग खरवडेल.

आता माझा पराक्रम ऐका.

लग्नानंतरची पहिली खंडेनवमी. आमच्याकडं त्या दिवशी विळे, कुऱ्हाडी, औताचा फाळ, सासूबाईंची शिलाई मशीन आणि आबांची पिस्तुलं, सगळं घोंगडीवर मांडून पुजतात. आदल्या दिवशी मी चुलीपुढं बसून पितळेची भांडी घासत होते. सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, "सून लय कामाची हाय माझी. तांब्यात तोंड दिसतंय बघ." झालं! मी फुगले. नुकतीच बारावी झालेली, दोन वेण्या घालणारी, आपण ह्या घराचं सोनं करायला आलोय अशी पक्की खात्री असलेली ती मुलगी... आज भेटली तर दोन धपाटे घालीन. तिनं ओसरीवर पुजेसाठी काढून ठेवलेलं ते काळंनिळं पिस्तूल पाहिलं आणि मनात म्हणाली, अगं बाई, हे किती मळलंय!

चिंच लावली, राख लावली, काथ्या घेतला आणि दुपार कारणी लावली. चमच्यासारखं चकचकीत करून, पदरानं पुसून, आबा शेतातून येताच त्यांच्यापुढं धरलं. वर लाजलेसुद्धा!

आबांनी ते हातात घेतलं. उलटं केलं, सुलटं केलं. हळूच ओट्यावर बसले.

"काय लावलंस ह्याला, माय?"

"चिंच," मी म्हणाले, "आणि राख. घरचीच."

आतून सासूबाई ओरडल्या, "अगं, तो मळ नव्हता, रंग होता त्याचा!"

आबा तसेच उठून परत शेतात गेले. जेवलेही नाहीत. मी भांड्यांच्या ढिगापाशी बसून हमसून हमसून रडले. आमचे हे, म्हणजे नवरा, तेव्हा नुकते एसटीत लागलेले. रात्री घरी आले, सगळं ऐकलं आणि तोंडावर टॉवेल धरून कितीतरी वेळ हसत बसले. त्यांना मी बरेच दिवस पातळ वरण वाढलं.

दसरा झाल्यावर आबांनी मला बोलावलं. मला वाटलं, माहेरी धाडतात आता. त्यांनी समोर पाट टाकला.

"बस. घासाया येतंय तुला. आता न घासता बसाया शिक."

ते माझं शिक्षण. किती वर्षं चाललं विचारू नका, आबा थकले तरी चालूच होतं. जुना पेच कसा सोडवायचा, तेल किती लावायचं, थांबायचं कधी. आबा पिस्तूल कधी पिस्तुलासारखं धरत नसत. ते डावखुरे. डाव्या तळहातावर कोंबडीचं पिल्लू घ्यावं तसं आडवं घेत आणि अंगठा बाजूच्या पट्टीवर टेकवत. लहानपणी कडबा तोडताना तो अंगठा दुखावला होता, म्हणून तो तिरका पडायचा. त्या हातात मी जे जे उघडलेलं पाहिलं ना, त्याला तोड नाही. एकदा त्यांनी चिंचेनं पांढऱ्या पडलेल्या त्याच पिस्तुलाची आतली बाजू भिंगाखाली धरली.

"बघ, हितं कुणाची नजर जाणार होती का? तरी धार मोडून कड गुळगुळीत केलीय गड्यानं. पुढच्या खेपांत न्हाई दिसायचं हे. मागणी वाढली की हात घाई करायला लागतो. पहिल्या खेपेचा कारागीर घाईत नसतो."

खरंच, आत बारीक कानशीच्या रेघा होत्या, सगळ्या एका दिशेनं, वेणीच्या पेडासारख्या. कुठल्या देशातला, कुठल्या जातीधर्माचा तो माणूस... त्याच्या हाताला हात लावल्यासारखं वाटलं मला. आणि त्याच्याच रंगाला मी चिंच लावली होती.

मी एकदा म्हणाले, "आबा, परभणीला रंग चढवून देतात म्हणे. द्यायचं का?"

"रंग देणारे लय हायत. ह्या रंगाचा हात कुठून आणायचा?" मग माझं तोंड बघून म्हणाले, "जाऊ दे. मीच बघंन कधी तरी. घाई न्हाई."

त्यांनी कधी त्याला काही केलं नाही. पण दर खंडेनवमीला पिस्तुलांची पेटी उघडण्याआधी सगळ्यांसमोर खणखणीत आवाजात विचारायचे, "चिंच कुठंय?" आणि सासूबाई आतून सांगायच्या, "कुलपात हाय!" खरंच असायची. पिस्तुलं बाहेर, चिंच कपाटात. सगळं घर हसायचं, मी सगळ्यांत जास्त.

आबा गेले. मग सासूबाई गेल्या. तो प्रश्न पुन्हा कोणी विचारला नाही. दरवर्षी मला वाटायचं हे विचारतील, पण त्यांच्या तोंडून तो कधी निघालाच नाही.

आता अलीकडचं. लायसन्स ह्यांच्या नावावर आलं. मध्यंतरी नियम बदलला, एका लायसन्सवर आता दोनच हत्यारं ठेवता येतात. तिसरं द्यायचं म्हणजे परभणीला खानचाचांच्या परवाना असलेल्या बंदुकांच्या दुकानात जमा करायचं. हे खानचाचा आबांचे दोस्त. चिंचेचा किस्सा आबांनी त्यांना मीठमसाला लावून सांगितलेला, म्हणून मी त्यांची 'इमलीवाली बहू'.

माझा मुलगा विलास सरळ म्हणाला, "आई, पांढरं देऊन टाकू. मूळ रंग गेलेल्या पिस्तुलाला जमवणारे लोक हात लावत नाहीत. बाकीची दोन तरी चांगली राहतील."

बरोबर होतं त्याचं. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "तू सांभाळतेस, तू ठरव." मी मोठ्या ऐटीत म्हणाले, "जाऊ द्या! माझ्या येडेपणाचा पुरावाच जाईल घरातून." म्हणाले खरं, पण त्या दिवशी भाकरी गिळवली नाही. आबांच्या जिवाची वस्तू आबांच्या घरातून जाणार, आणि जाणार ती माझ्या हातामुळं.

पेटी लोखंडी कपाटात असते. किल्ली माझ्या कमरेला, अंघोळीलासुद्धा सुटत नाही. गेल्या खंडेनवमीला पिस्तुलं काढून पुजली तेव्हा विलासनं फोटो काढलेला. त्यात ते चमच्यासारखं पांढरं आहे, आजही बघा. त्यानंतर पेटी उघडली ती जमा करायला निघालो त्या दिवशी, सकाळी, स्वच्छ उन्हात. विलास बाहेर गाडी काढायला गेलेला.

मलमल बाजूला केली...

पिस्तूल निळं होतं.

पहिल्यांदा मला वाटलं, गंज! पांढरं फडकं घेऊन पुसलं. फडकं कोरं. पुन्हा पुसलं, तसंच कोरं. जांभळाची ती झाक, नळीपासून मुठीपर्यंत. मग वाटलं विलासची थट्टा असेल. तो आत आला आणि त्याचंच तोंड उघडं राहिलं. "काय लावलंस ह्याला, आई?" म्हणाला. त्याच्या आजोबांनी विचारलेलं, शब्दाशब्दाला तेच! मी म्हणाले, "मेल्या, ह्या वेळेला काही नाही लावलं!"

तसंच घेऊन परभणी गाठली. खानचाचा आता फार थकलेत, पण नजर शाबूत आहे. त्यांनी भिंग लावलं. पहिल्यांदा नंबर बघितला, पिस्तूल तेच. मग नळीवरून नख ओढून बघितलं.

"बहू, ये किसने चढाया?"

"कोणी नाही, चाचा. पेटीतच होतं."

"पेटी में ऐसा रंग नै आता. हवा लगे तो लाल धब्बे आते. ये तो भट्टी का रंग है, और वो भी पुराना. आजकल कोई नै करता ऐसा." मग त्यांनी ते आडवं केलं. "और ये देखो. ये रोज किसके हात में रैता था?"

बाजूच्या पट्टीवर, एवढ्या निळ्यात एकच जागा उघडी होती. बोटाएवढी, लांबट, तिरकी. रोज धरून धरून रंग उडाल्यासारखी. मी माझा उजवा अंगठा ठेवून बघितला. बसेना. पिस्तूल डाव्या तळहातावर घेतलं, पिल्लू घेतात तसं, आणि अंगठा तिरका टेकवला.

बसला.

खानचाचांनी भिंग खाली ठेवलं. म्हणाले, "डावखुरा आदमी है." आणि दुकानातल्या पोऱ्याला चहा सांगितला.

विलासनं नंतर पुष्कळ शोधलं. दमट हवा म्हणाला, तेल म्हणाला, लोखंडाची जात म्हणाला. तो शाळेत विज्ञान शिकवतो, त्याला झोप येईना. शेवटी त्याचं त्यालाच पटलं नाही. भूत म्हणायला जीभ रेटत नाही, कारण भूत काय असं महिनोन्महिने बसून पोलादाला रंग देतं का? तुमच्यापैकी कोणाला ठाऊक असेल तर सांगा, मी ऐकून घेईन. जमा मात्र आम्ही दुसरं पिस्तूल केलं, चांगल्या किमतीचं. विलास अजून हळहळतो.

त्या दिवशी दुपारी घरी आलो तेव्हा हे ओट्यावर बसले होते. मी मलमल उघडून पिस्तूल त्यांच्या हातात दिलं. ह्यांनी ते उलटं केलं, सुलटं केलं. त्या उघड्या जागेवर बोट फिरवत राहिले. डोळे पुसले, चष्मा परत लावला. मग माझ्याकडं वर बघून, आबांच्या त्याच खणखणीत आवाजात म्हणाले,

"चिंच कुठंय?"