फोम कापणारे आण्णा

आण्णांच्या कापड दुकानात गेलं की ते आधी गिऱ्हाइकाच्या कमरेकडं बघत. हे बरं दिसत नाही, असं त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, शंभरदा सांगितलं असेल. पण आण्णांच्या डोक्यात कापड नसे, कयाक असे. एकट्यानं बसायच्या त्या अरुंद होडीत कंबर आणि गुडघे हलू नयेत म्हणून आतून फोम लावतात. राजाराम तलावावर कयाक चालवणाऱ्या आम्हा पाच-सात जणांचा फोम आण्णाच कापून देत. जयसिंगपूरच्या व्यापारी घरातला हा माणूस पन्नाशीनंतर पाण्याच्या नादी लागला. दोन वर्षांपूर्वी ते गेले.

हत्यारं साधी. ठोकळे पाडायला काकूंच्या स्वयंपाकघरातून उचललेली ब्रेडची दातेरी सुरी, गुडघ्याची खोबण काढायला पाइपच्या तुकड्यावर गुंडाळलेला जाडाभरडा पॉलिश पेपर. सुरी ते दाबत नसत, लांब हातानं ओढत. "दाबली की फोम दबतोय आन् काप वाकडा जातोय," हे प्रत्येकाला ऐकावं लागे.

काकू आतून म्हणत, "त्या सुरीनं मी अजून एक पाव कापला न्हाय."

"मग अडलंय कुठं?" आण्णा विचारत.

स्कूटरच्या अपघातानंतर माझा उजवा गुडघा पुरता वाकेना. डॉक्टरांनी पाण्यात जायला परवानगी दिली, पण होडीत पाय बसेना. कयाक विकते, असं सांगायला मी आण्णांकडं गेले.

"विका की. आधी बसा तरी," म्हणत त्यांनी माझी होडी मागवून घेतली आणि मला दुकानासमोर रस्त्यावरच तिच्यात बसवलं. एक गिऱ्हाईक थांबून बघायला लागलं. "पावणं, साडी बघायला आलायसा का ताईस्नी?" गिऱ्हाईक मुकाट्यानं आत गेलं.

आठवडाभर ते गुडघ्याची खोबण थोडी थोडी तासत राहिले. शेवटी पाय असा बसला की मी दुखणंच विसरले. म्हटलं, चिकटवून टाका.

"उलटल्याबिगर चिकटवायचं न्हाय."

हा त्यांचा नियम. फोम आधी नुसता टेपनं बांधायचा, तलावात होडी मुद्दाम उलटी करायची, आणि माणूस आपला आपण बाहेर आला तरच चिकटवायचा.

मी उलटले आणि गुडघा अडकला. छातीभर पाण्यात शेजारीच उभ्या असलेल्या आण्णांनी होडी फिरवून मला वर काढलं. काठावर माझा खोकला थांबेपर्यंत त्यांनी खोबणीची आतली कड सुरीनं उडवलीसुद्धा. आठवड्याचं काम एका कापात गेलं.

"आण्णा, बसायला किती छान होतं!"

"बसायला घरात सोफा हाय की. ह्यातनं भाईर याय पायजे."

"मला नाही जमायचं आता. विकतेच."

"विका. पर आज न्हाय. आज उलटायचं हाय."

मी पुन्हा उलटले. हिरवट अंधार, नाकात पाणी. गुडघा अडलाच. मग आतल्या बाजूला वळवला, तशी कापलेल्या कडेवरून पाय सुटला. वर आले तर आण्णा हातभर अंतरावर, दोन्ही हात पुढं केलेले, गाल फुगवलेले, चेहरा लालबुंद. माझं तोंड दिसताच त्यांनी मोठ्यानं श्वास सोडला.

"लई वेळ लावलासा," ते धापा टाकत म्हणाले, "मला दम लागला की!"