टोपीने खाल्लेला धूर

तुइचिम गावच्या उतारावर नशिबाची वाटणी मक्याच्या दाण्यांवर झाली, आणि ती करायला राजधानीहून चांगले शिकलेसवरलेले डॉक्टर आले होते. तान्ही पोरं असलेल्या बायकांनी एकेक करून थैलीत हात घालायचा. पिवळा दाणा निघाला तर धुराड्याची नवी चूल, लगेच आणि फुकट. काळा निघाला तर तीच चूल, पण अभ्यास संपल्यावर. तोवर आहे त्या तीन दगडांवरच रांधायचं. चुलीच्या धुराने पोरांची छाती किती बिघडते ते त्यांना मोजायचं होतं, आणि मोजायचं म्हटलं की धुरात बसणारी पोरंही लागतातच की.

बासिलिया तेमाखच्या हाताला काळा दाणा लागला. तिची थोरली जाऊ एर्मेलिंदा हिला पिवळा. दोघींची घरं एकाच अंगणात, दारं समोरासमोर.

"चाचपून काढलास ना गं मेले?" बासिलिया म्हणाली.

"तर काय, थैलीत डोळे घालून बसले होते मी. रडतेस कशाला? माझी चूल काय कुलपात ठेवणार आहे?"

बासिलियाचा रडवेला चेहरा उगीच नव्हता. तिचा पहिला मुलगा खोकल्याने गेला होता, तोही शहरातल्या दवाखान्याकडे उतरताना, तिच्या पाठीवर. झोळीतलं ओझं हलायचं थांबलं हे तिला वाटेतच कळलं होतं. तरी ती चालत राहिली. आता रोसेंदा झाली होती, आणि ही पोर काही केल्या हातची घालवायची नाही, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं. नवरा फाउस्तिनो वर्षातले निम्मे महिने खाली कॉफीच्या मळ्यांवर असायचा. त्याच्याजवळ बोलून काय डोंबल होणार होतं?

अभ्यासाचं एक मात्र खरंच चांगलं होतं. दर गुरुवारी शहरातून नोएलिया यायची. पोरगी लाघवी, आपली माम भाषा बोलणारी. ती पोरांचा श्वास मोजायची, आणि जराही वेगळं वाटलं की जीप यायची, पोराला डॉक्टरकडे न्यायची, औषध द्यायची, परत आणून सोडायची. तुइचिममध्ये याआधी कुणासाठी जीप आली होती? एकदा मतं मागायला, तेवढीच.

पोरांना लोकरीच्या टोप्या दिल्या होत्या. टोपीला एक काचेची नळी टाचलेली. पोर जितक्या धुरात, तितकी नळी काळी. टोपी रात्रंदिवस पोराच्या डोक्यावर हवी आणि पोर आपल्याच घरात हवं, असा दंडक.

काळ्या दाण्याच्याच त्रान्सितोने तो मोडला. तिची आई पिवळ्या दाण्याची. ही आपली सकाळीच तान्ह्याला घेऊन आईच्या चुलीशी जायची. नळी कोरीच्या कोरी. मग डॉक्टर आर्गेता स्वतः आले आणि अगदी गोड बोलून सांगून गेले की तुमचं घर आता आमच्या उपयोगाचं नाही. त्यानंतर जीप तिच्या दारावरून सरळ पुढे जायला लागली. म्हणजे बघा, लेकरू धुरात ठेवलं तर डॉक्टर, धुरातून काढलं तर डॉक्टर बंद. असला न्याय सुचायला माणसाने किती बुकं वाचावी लागत असतील, देव जाणे.

बासिलिया त्या दिवशी जावेच्या दारात येऊन बसली.

"त्यांना काय हवंय?" एर्मेलिंदा तोर्तिया थापता थापता म्हणाली. "नळी काळी हवीय ना? मग नळीला बसव तुझ्या चुलीशी. पोरीला दे इकडे."

"आणि कळलं तर?"

"टोपी काय बोलणार आहे?"

झालं. टोपी बासिलियाच्या चुलीवरच्या खुंटीला लागली आणि रोसेंदा बोडक्याने जावेच्या स्वच्छ स्वयंपाकघरात रांगायला लागली. रात्रीही थंडीची ती तिथेच, चुलत भावंडांच्या कुशीत. गुरुवारी सकाळी टोपी उतरवायची, पोरीच्या डोक्यावर घालायची, आपल्या दारात येऊन बसायचं.

"दोन्या बासिलिया," नोएलिया एकदा मानाने हाक मारत म्हणाली, "तुमची पोर धूर पचवते की काय? नळी काजळासारखी आणि गाल बघा."

"आमच्या घराण्याची छातीच दणकट गं पोरी."

हे सांगताना तिला हसू दाबावं लागलं. फार दिवसांनी आलेलं हसू होतं ते.

हळूहळू एर्मेलिंदाच्या चुलीशी आणखी बोडकी डोकी दिसायला लागली. कुणी कुणाला काही विचारलं नाही. इतर पिवळ्या घरांतही तेच. काळ्या दाण्याच्या घराघरांत खुंटीवर टोपी धूर खात होती आणि पोरं मजेत वाढत होती. अशी दोन वर्षं गेली.

मग शाळेच्या पटांगणात सभा झाली. डॉक्टर आर्गेता स्पॅनिशमध्ये बोलत होते, नोएलिया माममध्ये सांगत होती. बासिलियाला पुन्हा दिवस गेले होते. चूल आज मिळणार की उद्या, एवढंच ऐकायला ती आली होती.

डॉक्टर म्हणाले, आश्चर्य आहे. इतक्या धुरात राहूनही काळ्या दाण्याची मुलं पिवळ्या दाण्याच्या मुलांइतकीच ठणठणीत राहिली. सरकार साऱ्या डोंगराळ मुलखाला चुली देणार होतं, पण आता तेवढा खर्च करण्याचं कारण दिसत नाही.

"आणि आमच्या?" कुणीतरी विचारलं.

त्या पुढच्या टप्प्याच्या पैशातून यायच्या होत्या. पुढचा टप्पा रद्द झाला. डॉक्टरांना फार वाईट वाटत होतं, असं नोएलियाने सांगितलं. दोन वर्षं पोरांची डोकी वापरून घेतली आणि शेवटी तोंडाला पानं पुसली.

बासिलिया उठली. एर्मेलिंदाने तिचा पदर ओढला, तो तिने सोडवून घेतला.

"साहेबांना सांग," ती म्हणाली, "धूर आमच्या पोरांनी खाल्लाच नाही. टोप्यांनी खाल्ला. टोप्या खुंटीला होत्या आणि पोरं जावेकडे. पोरं चांगली राहिली ती तुमच्या चुलीमुळेच राहिली. आम्ही फसवलं. शिक्षा करा, पण चुली द्या."

नोएलिया पांढरी पडली. मग डॉक्टरांकडे वळून तिने स्पॅनिशमध्ये दोन शब्द सांगितले. त्यातला 'ग्रासियास', म्हणजे आभार, तेवढा सगळ्यांना कळला. डॉक्टर आर्गेतांनी छातीवर हात ठेवला आणि टाळ्या वाजवल्या.

जीपपाशी बासिलियाने नोएलियाचा दंड धरला. "मी काय बोलले आणि तू काय सांगितलंस?"

"खरं सांगितलं असतं तर तुम्ही सगळ्या खोटारड्या ठरला असता. चूल तरीही आली नसती. आणि दर गुरुवारी मी काय बघत होते, हे मला विचारलं असतं."

"तुला ठाऊक होतं?"

"पोरांच्या केसांना कधीच धुराचा वास आला नाही," नोएलिया म्हणाली आणि जीपमध्ये बसली.

बासिलियाला मुलगा झाला. तोवर एर्मेलिंदाच्या चुलीचं धुराडं गंजून पडलं होतं. नवं कोण देणार? तीही पुन्हा दगडांवर रांधायला लागली. आता दोन्ही घरांत सारखाच धूर होता.

पोराची छाती वाजायला लागली तशी बासिलिया त्याला पाठीशी बांधून शहरात उतरली. दवाखान्यात शहरी बायांना बसायला बाक, डोंगरातल्यांना भिंतीकडेची फरशी. दुपार कलली तेव्हा सिस्टरने हाक मारली.

"उघडं टाकता पोराला?"

"घरात धूर असतो, सिस्टर," बासिलिया मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये म्हणाली.

"धुराचं नाव सांगू नकोस. तुमच्याच डोंगरात डॉक्टरांनी दोन वर्षं मोजून बघितलंय, धुराने काही होत नाही. आया लक्ष देत नाहीत, त्याने होतं. दिलंस का लक्ष?"

औषधाची बाटली सिस्टरच्या हातात होती आणि ती पुढे करत नव्हती. पाठीवर पोर धापा टाकत होतं.

"नाही दिलं," बासिलिया म्हणाली. मग सिस्टरने बाटली दिली.