व्याह्यांचा वरवंटा

उभ्या रायगड जिल्ह्यात विश्वाची काळजी वाहणारा माणूस एकच आहे, आणि तो नेमका माझा व्याही निघाला. रोह्याच्या एका कंपनीत त्यांनी जन्मभर ट्रकांची वजनं केली. नोकरी संपली, काटा काही डोक्यातून उतरला नाही. पेणहून मी पापड घेऊन गेले की "या" म्हणायच्या आधी पिशवी काट्यावर. "विहीणबाई, पाकिटावर अर्धा किलो लिवलंय. दहा ग्रॅम कमी हाय." मी म्हटलं, "एक वाटेत भाजून खाल्ला." कारण पटलं, तेव्हा कुठे चहा आला.

तीन वर्षांपूर्वी त्यांची बायको गेली. पुढे मोबाइलवर त्यांनी ऐकलं की विश्व फुगत चाललंय. झालं! विश्व फुगलं तरी वस्तूचं वस्तुमान तेवढंच राहतं का, याचा छडा लावायला यांनी स्वयंपाकघरातला वरवंटा उचलला आणि फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवला. रोज आंघोळ झाली की त्याचं वजन करायचं आणि कॅलेंडरवर आकडा टाकायचा. देवपूजा सुनेकडे, म्हणजे माझ्या लेकीकडे.

"विश्व फुगतंय, म्हणून मेली एसटी हल्ली पेण-रोह्याला जास्त वेळ लावते का?" मी विचारलं.

"ते खड्ड्यांमुळं," ते गंभीरपणे म्हणाले. "लांबलांबच्या आकाशगंगांमधलं अंतर वाढतं. जवळच्या वस्तू एकमेकींना धरून असतात, त्या नाय फुगत."

"आणि दगडाबरोबर काटाही बदलला, तर कळणार कसं? तो काय विश्वाबाहेर ठेवलाय?"

चौथी शिकलेल्या बाईने हे विचारावं! त्या दिवशी ते नीट जेवले नाहीत.

इकडे लेकीची पंचाईत. पाटा ओट्याखाली, वरवंटा कपाटात, आणि चटणी मिक्सरमध्ये. ती चटणी सासऱ्यांना आवडायची नाही, ते ताटात तशीच ठेवायचे. "आई, तूच बोल गो. मी मागितला की म्हणतात, प्रयोग बिघडेल." मी सरळ त्यांच्यापुढे जाऊन बसले.

"वरवंटा द्या."

"वाटलं की झिजतो तो."

"झिजू दे. दगडच हाय."

ते बराच वेळ फडक्याची गाठ चाचपत राहिले. "लग्नानंतर आणला तवा वाण्याच्या तराजूत घातलेला. दोन किलो शंभर. आता पावणेदोन. साडेतीनशे ग्रॅम तिच्या हाताखाली गेला. कुठं गेला, विहीणबाई? वस्तुमान नाहीसं होत नाय म्हणतात."

"जाणार कुठं? चाळीस वर्षं चटणी कोणी खाल्ली? तुमच्याच अंगात हाय."

माणूस आपल्या मनगटाकडे बघत राहिला, जणू ते आजच उगवलंय. मग त्यांनी स्वतः गाठ सोडली.

आता वजन रविवारी होतं. एखादा ग्रॅम कमी भरला तर सुनेवर रागवत नाहीत. त्या दिवशी चटणी मात्र दोनदा मागून घेतात.